धक्का मागून, भुर्दंड पुढच्याला

मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या महामार्गाची चर्चा होते ती खड्ड्यांच्या, रखडलेल्या कामाच्या आणि भीषण अपघातांच्या निमित्ताने. सावित्री नदीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष महाडकडे वळले. परंतु याच रस्त्यावर दुसऱ्याही एका प्रकारचा अपघात नित्य घडत असतो आणि त्याची दखल कोणी घेत नाही. वडखळच्या नाक्यावर, पेणच्या अलीकडच्या रांगेत, कर्नाळ्याच्या वळणांवर किंवा अलिबागकडे वळणाऱ्या रस्त्यावर पुढची मोटार अचानक थांबते आणि मागची तिच्यावर जाऊन आदळते. कोणाला खरचटत नाही, रक्त सांडत नाही. दोन्ही चालक खाली उतरतात, चार शब्दांची देवाणघेवाण होते, मागच्या रांगेतील भोंगे वाजू लागतात आणि पाचशे-हजार रुपयांवर प्रकरण मिटते. खरे प्रकरण सुरू होते ते त्यानंतर.

हा प्रकार किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या अपघातांत मागून बसलेल्या धडकेचा वाटा सुमारे एक पंचमांश, म्हणजे अन्य कोणत्याही प्रकारच्या धडकेपेक्षा अधिक होता. ही आकडेवारी पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या अपघातांची. रस्त्यातच मिटवलेल्या धडका तीत येतच नाहीत.

रायगडच्या किनारपट्टीवर अशा धडकांना अनुकूल परिस्थिती जणू योजनापूर्वक निर्माण झाली आहे. पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेण्यात आले आणि दशक उलटून गेल्यावरही ते रेंगाळत राहिले. उच्च न्यायालयाला त्यात वारंवार लक्ष घालावे लागले. कोठे चार पदर अचानक दोन होतात, कोठे फलकाविना वळण येते, कोठे खड्डा दिसताच चालक करकचून ब्रेक दाबतो. न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर, धरमतरच्या बाजूची अवजड वाहतूक, एस.टी., सहा आसनी रिक्षा आणि शनिवार-रविवारी किहीम, नागाव, काशीद, दिवेआगरकडे धावणारा मुंबईकर हे सारे एकाच रस्त्यावर येतात. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने मुंबईकराला काही मिनिटांत चिर्ल्यापर्यंत आणून सोडले; पुढच्या रस्त्याला मात्र तो वेग मानवणारा नव्हता. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सरलेले असते, आणि ओल्या रस्त्यावर पुढचे थांबणेही लांबते. दोन मोटारींत दहा-पंधरा फुटांचे अंतर ठेवून जाणाऱ्यांच्या हातून धडक घडली, तर त्यात दैवाचा भाग फारसा नसतो.

न दिसणारी मोडतोड

या धडकांविषयी पहिला गैरसमज आहे तो डोळ्यांना दिसते तेवढीच हानी झाली, हा. पूर्वीच्या अँबॅसिडर वा फियाट गाडीचा बंपर धातूचा असे. त्याला धक्का बसला की तो वाकत असे, आणि वाकलेला दिसत असे. आजच्या मोटारीचे बाहेरून दिसणारे बंपर हे प्लॅस्टिकचे आवरण आहे. लहान धक्क्यानंतर ते पुष्कळदा पुन्हा मूळ आकारात येते आणि त्यावर एखादा ओरखडा तेवढा उरतो. धक्का पेलण्याचे काम त्याच्या आड दडलेल्या आडव्या तुळईचे असते. त्यामागे डिकीच्या तळाशी असलेले लांबट आधार असतात आणि ते मुद्दाम चेपले जावेत अशीच त्यांची रचना असते, कारण त्यांच्या चेपण्यात धक्क्याची शक्ती खर्ची पडते आणि आतील माणसे वाचतात. जे एकदा चेपले, ते दुसऱ्या धडकेत पूर्वीसारखे काम देत नाही. बाहेरचे आवरण रंगवून चकाकते केले आणि आतील तुळई वाकलेलीच राहिली, तर मालकाकडे राहतो तो संरक्षणाचा केवळ देखावा.

हानी तेवढ्यावर थांबत नाही. स्टेपनीच्या खाचेचा पत्रा दुमडतो, डिकीचे झाकण किंचित सरकते, सायलेन्सरचे आधार निसटतात, मागच्या दिव्यांच्या तारा दबतात, आसनाची पाठ धरून ठेवणारी यंत्रणा ढिली होते. मागच्या चाकांची दिशा बदलली असेल, तर काही महिन्यांनी टायर एकाच बाजूने झिजू लागतो आणि तोपर्यंत धडकेचा विसर पडलेला असतो. डिकीत सी.एन.जी.ची टाकी असलेल्या मोटारींचा प्रश्न आणखी गंभीर आहे. या टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. परंतु मागून जबर धक्का बसल्यावर पुढच्या चाचणीच्या तारखेची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. टाकीचे पट्टे, नळ्या आणि झडपा लगेच तपासून घेतल्या पाहिजेत. भाड्याच्या मोटारीत रोज पाच-सहा माणसे बसतात आणि त्यांपैकी कोणालाही गेल्या आठवड्यातील धडकेची कल्पना नसते.

त्यात किनाऱ्यावरील हवेची भर. धडकेने आतील पत्र्याचा रंग तडकला, तर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांना तेवढी फट पुरते. देशावरच्या कोरड्या गावात जी दुरुस्ती वर्षभर लांबवली तरी चालून जाईल, ती मुरूड-श्रीवर्धनकडे एका पावसाळ्यात गंजाच्या हवाली होते. माणसाच्या शरीराचेही असेच आहे. मागून बसलेल्या हिसक्याने मानेला झालेली इजा पुष्कळदा त्या दिवशी जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मान वळेनाशी होते. अशा वेळी डॉक्टरांकडे जाऊन कागदोपत्री नोंद करून घेण्याचे भान फारच थोड्यांना असते.

कायदा काय सांगतो

कायद्याची भूमिका मूलतः स्पष्ट आहे. पुढचे वाहन एकाएकी मंदावले वा थांबले तरी धडक टळेल एवढे अंतर मागच्या चालकाने ठेवले पाहिजे, हा दंडक १९८९ च्या रस्ता नियमावलीत होता आणि २०१७ च्या नव्या नियमावलीनेही तो कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये एका प्रकरणात, ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवरून मोटार चालवणाऱ्याने पुरेसे अंतर राखले नव्हते, असे ठरवून दोष मागच्या चालकाच्या पदरी टाकला. तथापि पुढचा चालक प्रत्येक वेळी निर्दोषच असतो, असेही नाही. जुलै २०२५ मधील दुसऱ्या एका निकालात, महामार्गावर मागच्यांना सूचना न देता अचानक मोटार थांबवणाऱ्याला याच न्यायालयाने निम्मी जबाबदारी उचलायला लावली. तात्पर्य, दोष कोणाचा हे परिस्थितीवर ठरते आणि परिस्थितीचा पुरावा रस्त्यावरच मिळतो. दोन्ही वाहने हलवण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे, समोरच्या वाहनाचा क्रमांक, चालकाचा परवाना, विमा कंपनीचे नाव आणि एखाद्या साक्षीदाराचा पत्ता ही सामग्री दहा मिनिटांत गोळा होते. नंतर ती दहा महिन्यांतही मिळत नाही.

धडक देणाऱ्याच्या विम्यातून भरपाई मागण्याचा मार्गही कायद्याने खुला ठेवला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये विमा सक्तीचा आहे आणि त्याच कायद्याखालील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे इजा वा मृत्यूप्रमाणेच त्रयस्थाच्या मालमत्तेच्या हानीचाही दावा लावता येतो. मूळ कायद्यात मालमत्तेसाठी विमा कंपनीची सक्तीची जबाबदारी अवघी ६,००० रुपये होती. प्रत्यक्षात मोटारींच्या प्रचलित विमापत्रांत ती साडेसात लाखांपर्यंत असते, मात्र थोडा हप्ता वाचवण्यासाठी ती पुन्हा ६,००० वर आणण्याची सोयही ठेवण्यात आली. म्हणजे धडक देणाऱ्याने वाचवलेल्या शेकड्याचा भार धडक खाणाऱ्याने हजारांनी सोसायचा! २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या साऱ्याचा परिणाम असा, की तीस-चाळीस हजारांच्या दुरुस्तीसाठी अलिबागच्या न्यायालयात तारखा घेत बसणे कोणत्याही नोकरदाराला परवडत नाही. शिवाय धडक देणारे वाहन विमा उतरवलेले असेलच, याची शाश्वती कोठे आहे? देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना फिरतात, हे अधिकृत आकडेवारीतूनच वेळोवेळी पुढे आले आहे.

निर्दोषाचा हिशेब

परिणामी पुढच्या मोटारीचा मालक स्वतःच्याच विमा कंपनीकडे जातो. अर्थात त्याचा विमा सर्वंकष असेल तरच. ज्याने केवळ त्रयस्थ जोखमीचा सक्तीचा विमा घेतला आहे, त्याला स्वतःच्या मोटारीसाठी एक पैही मिळत नाही. वाहनांच्या किरकोळ धडकांत कंपन्यांनी एकमेकींवर दावे न लावता ज्याने त्याने आपल्या ग्राहकाचे पाहावे, अशी या व्यवसायाची जुनी वहिवाट आहे. कंपन्यांच्या दृष्टीने ती सोयीची आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ती काय आहे, हे हिशेबाने पाहणे उद्बोधक ठरेल.

साडेचार वर्षांच्या, १५०० सी.सी.पेक्षा लहान इंजिनाच्या एका मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च ४०,००० रुपये आला, असे समजू. त्यात प्लॅस्टिकचे भाग १६,००० चे, धातूचे १२,००० चे, रंगकाम ८,००० चे आणि मजुरी ४,००० ची. प्रमाणित विमापत्रानुसार प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे ८,००० रुपये गेले. चार ते पाच वर्षांच्या मोटारीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के, म्हणजे ४,२०० गेले. रंगकामाचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे १,००० गेले. मालकाने स्वतः सोसावयाची सक्तीची रक्कम १,००० रुपये. एकंदर कपात १४,२०० रुपये आणि हाती पडले २५,८०० रुपये.

येथेच हिशेब संपता तर तो सुसह्य म्हणता आला असता. चार वर्षे दावा न करणाऱ्या या मालकाला स्वतःच्या मोटारीच्या जोखमीच्या हप्त्यात ४५ टक्के सूट मिळत होती आणि पुढच्या वर्षी ती ५० टक्के होणार होती. दावा केल्याबरोबर ती शून्यावर येते. पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास पाच वर्षे जावी लागतात. हा हप्ता सुटीपूर्वी ६,००० रुपये आहे आणि तो स्थिर राहतो असे धरले, तर या पाच वर्षांत बुडालेली सूट ७,५०० रुपये होते. म्हणजे ज्याच्या हातून काहीही चूक घडली नाही, त्याने ४०,००० पैकी २१,७०० रुपये स्वतःच्या खिशातून भरले. घसारा न कापण्याची जादा सोय घेणाऱ्यांचे नुकसान कमी होते हे खरे. परंतु त्यासाठी वेगळा हप्ता मोजावा लागतो आणि बोनस त्यांचाही जातो.

या सवलतीचे नावच सूचक आहे. तो ‘नो क्लेम’ बोनस आहे. चूक न केल्याचे बक्षीस म्हणून लोक त्याच्याकडे पाहतात, कंपनीच्या लेखी ते मागणी न केल्याचे बक्षीस असते. त्यामुळे दावा करावा की न करावा, या विवंचनेत माणूस स्वस्त गॅरेज शोधतो, बाहेरचे आवरण ठोकून-रंगवून घेतो आणि आतील वाकलेली तुळई तशीच राहू देतो. विमा हा सुरक्षिततेचा साथी असावयास हवा, तो येथे अपुऱ्या दुरुस्तीचा प्रेरक बनतो. प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही तो यामुळे.

छापील अटींतील अडसर

विमापत्राच्या छापील अटी सहसा कोणी वाचत नाही. त्यांतील एक अट अशी, की अपघातानंतर आवश्यक ती दुरुस्ती होण्यापूर्वी वाहन चालवले आणि त्यामुळे हानी वाढली, तर वाढीव हानीची जबाबदारी सर्वस्वी मालकाची. लपलेल्या मोडतोडीच्या बाबतीत ही अट फार महत्त्वाची आहे. पेणजवळ धडक बसली, मोटार चालते आहे म्हणून तीच घेऊन श्रीवर्धनचा दौरा पुरा केला आणि परतल्यावर दोष उघड झाला, तर मूळ हानी कोणती आणि वाढीव कोणती, असा वाद कंपनी घालू शकते. अपघाताची सूचना तत्काळ व लेखी द्यावी, हीही एक अट आहे. केवळ विलंबाच्या सबबीवर खरे दावे फेटाळू नयेत, असे विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने कंपन्यांना बजावले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच दृष्टिकोन स्वीकारला. तरीही प्रत्येक वेळी या आधारावर विसंबून भांडत बसण्यापेक्षा त्याच दिवशी सूचना देणे केव्हाही श्रेयस्कर.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो पाहणीच्या टप्प्यावर. सर्व्हेअर येतो तेव्हा बंपर जागच्या जागी असतो आणि अंदाजपत्रक दिसणाऱ्या हानीचेच होते. नंतर आवरण काढल्यावर आतील वाकलेले भाग उघडे पडतात. मेकॅनिकने ते परस्पर बदलले, तर कंपनी त्या खर्चास मान्यता देत नाही. म्हणून काम तेथेच थांबवून पुरवणी अंदाजपत्रक द्यावे, सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे आणि जुने भाग टाकून देऊ नयेत, हाच योग्य क्रम होय. मागचा भाग उघडूनच पाहणी व्हावी, असा आग्रह ग्राहकाने पहिल्या दिवशीच लेखी धरला पाहिजे. अन्याय झाला असे वाटल्यास विमा लोकपालाकडे आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली, हे अलिबाग-महाडच्या ग्राहकाच्या दृष्टीने मोठेच पाऊल होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असलेल्या तक्रारींना शुल्कही नाही. हक्क आहेत, त्यांच्या वापराची सवय मात्र समाजाला अद्याप लागलेली नाही.

काय करता येईल?

ग्राहकाची दक्षता आवश्यक असली, तरी सारा भार त्याच्यावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. पहिली सुधारणा बोनसच्या बाबतीत हवी. धडक देणाऱ्याचा दोष पोलिसांच्या नोंदीवरून वा त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून सिद्ध होत असेल, तर धडक खाणाऱ्याचा बोनस जाऊ नये. ब्रिटनमध्ये कंपनीने सारा खर्च दोषी पक्षाकडून वसूल केला, तर निर्दोष ग्राहकाची सवलत सामान्यतः अबाधित राहते. आपल्याकडेही कंपन्यांना वसुलीचा हक्क कायद्याने आहे. तो बजावण्याचा कंटाळा त्यांनी करावा आणि त्याची किंमत ग्राहकाने मोजावी, हा न्याय नव्हे.

दुसरी सुधारणा पाहणीच्या पद्धतीत. मागून धडक बसलेल्या वाहनाचा बंपर उतरवूनच पाहणी करावी आणि त्या कामाची मजुरी कंपनीने द्यावी, असा दंडक नियामक प्राधिकरणाने घालण्यास काय अडचण आहे? तिसरी सुधारणा मालमत्तेच्या किरकोळ दाव्यांची. मोटार अपघातांचे दावे लोकअदालतीत तडजोडीने निकालात निघतात, हा अनुभव जुना आहे. केवळ वाहनाच्या हानीचे दावे छायाचित्रे आणि पाहणी अहवाल यांच्या आधारे तेथे एकाच बैठकीत निकालात काढता येतील.

चौथी गोष्ट नोंदीची. पतपेढीचे कर्ज काढून जुनी मोटार घेणारा शिक्षक वा कारकून ती घेतो तेव्हा तिच्या चकाकत्या रंगाखाली काय दडले आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ब्रिटनमधील विमा कंपन्या मोडीत काढलेल्या, पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या वाहनांची ‘सांगाड्याला इजा झालेली’ आणि ‘न झालेली’ अशी वर्गवारी २०१७ पासून करीत आल्या आहेत आणि खरेदीदाराला ती कळू शकते. आपल्याकडे वाहनांची नोंदणी संगणकावर आली, विम्याची मुदतही तेथे दिसते. मग सांगाड्याच्या मोठ्या दुरुस्तीची एक ओळ तेथे का असू नये?

रस्त्याचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहेच. फलकाविना वळण, अकस्मात संपणारा पदर आणि पहिल्याच पावसात उघडा पडणारा खड्डा यांमुळे होणाऱ्या धडकांचा खर्च कंत्राटदाराच्या देयकातून कापला जात नाही, रस्ता बांधणाऱ्या खात्याच्या हिशेबातही तो दिसत नाही. तो भरतो पुढच्या मोटारीत बसलेला माणूस. ज्या दिवशी हा खर्च दोषी चालक, त्याची विमा कंपनी आणि रस्त्याचा धनी यांच्या खात्यावर मांडला जाईल, त्या दिवशी मागचा चालक अंतर ठेवू लागेल आणि वळणावरचा फलकही वेळेवर लागेल. तोवर वडखळच्या नाक्यावर नोटा हातात ठेवून मिटवलेल्या प्रत्येक प्रकरणाचे उरलेले बिल कोणाच्या तरी घरी पुढे येतच राहणार आहे.